श्रेयांक विद्यार्थ्यांना, श्रेय कुणाला?

आजच्या भागात पाहुणे नाहीत आणि मुलाखतही नाही. पुढची वीसेक मिनिटं मी एकटीच बोलणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. गेल्या वर्षभरात ओळखीच्या प्राध्यापकांकडून आणि विद्यार्थ्यांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. "मॅडम, गावकऱ्यांबरोबर केलेल्या अभ्यासावर नाव कुणाचं टाकायचं?" कुणी विचारलं, "सरपंचांचा सत्कार केला तर चालेल ना?" कुणी विचारलं, "आभार मानले की पुरे ना?" प्रश्न छोटा वाटतो, पण तो तसा नाही. म्हणून आजचा विषय हाच: विद्यार्थी आणि गावातली किंवा वस्तीतली माणसं मिळून जो अभ्यास करतात, त्याची दखल घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी हा प्रश्न आत्ताच का उभा राहिला ते सांगते. नवीन शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा आराखडा ठरवणारा शासन निर्णय आपल्या राज्यात २० एप्रिल २०२३ ला निघाला. आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत तो २०२४-२५ पासून लागू झाला. त्यात फिल्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट, म्हणजे क्षेत्रीय प्रकल्प आणि लोकसहभागाचं काम, असे वेगळे रकाने आहेत आणि त्यांना श्रेयांक आहेत. पूर्वी एन.एस.एस.च्या शिबिराला हौशी मुलं जायची. आता सगळ्यांनाच जायचंय. म्हणजे राज्यभरातली मुलं-मुली वही, फोन आणि प्रश्नावली घेऊन कुणाच्या ना कुणाच्या ओट्यावर जाऊन बसणार.

मला तर हे आवडलंय, आधीच सांगते. पण एक शब्द बघा. श्रेयांक. मराठीत 'क्रेडिट'ला आपण किती नेमका शब्द केलाय! त्याच्या पोटातच 'श्रेय' आहे. विद्यार्थ्याला अंक मिळाले. श्रेयाचं काय? ज्या बाईनं स्वयंपाक बाजूला ठेवून दोन तास माहिती दिली, ज्या पोरानं गल्लीगल्लीतून फिरवलं, ज्या म्हाताऱ्यानं ओढ्याचं जुनं पात्र कुठून जायचं ते दाखवलं, त्यांच्या वाट्याला काय?

गावाला सर्व्हे काही नवा नाही. जनगणना होते, दारिद्र्यरेषेच्या याद्या होतात, पीक पाहणी होते. लोक विचारतात, "आता कशाचा सर्व्हे? काही मिळणारे का?" आपण म्हणतो, "नाही हो काकू, अभ्यासासाठी आहे." मग काकू जे बघतात ना आपल्याकडे, त्या नजरेत या सगळ्या विषयाचं सार आहे. अभ्यास तुमचा, माहिती आमची.

एक उदाहरण सांगते, आमच्याच एका गटाचं. गावाचं नाव सांगणार नाही, का ते पुढे कळेल. मराठवाड्यातलं गाव, उन्हाळ्यात टँकरवर चालणारं. टँकर येतो, गावच्या विहिरीत पाणी ओततो, लोक तिथून शेंदून नेतात. दुसऱ्या वर्षाच्या सहा विद्यार्थ्यांनी विषय घेतला: टँकरचं पाणी घराघरात किती पोचतं? प्रश्नावली तयार होती. पहिल्याच दिवशी बचत गटाच्या बायकांनी प्रश्नावली वाचून घेतली आणि एक जण म्हणाली, "हे तुम्ही घरोघर इचारू नका. लोकं अंदाजपंचे सांगतील. आमच्याकडं लिहिलेलं हाय."

लिहिलेलं होतं भिंतीवरच्या कॅलेंडरवर. रोजच्या तारखेच्या चौकोनात टँकरच्या खेपा, खेपेला एक रेघ. काही रेघा अर्ध्याच होत्या. मुलांनी विचारलं, "मावशी, ही रेघ अर्धी का?" त्या म्हणाल्या, "टँकर अर्धा होता म्हणून." टँकर अर्धा हे कळलं कसं? तर विहिरीच्या पायऱ्यांवरून. "भरलेला टँकर दोन पायऱ्या बुडवतो. ज्या दिवशी एकच बुडाली, त्या दिवशी टँकर भरलेला नव्हता."

मुलं विहिरीत उतरली. व्यास मोजला, साधारण पाच मीटर. पायरीची उंची मोजली, पंचवीस सेंटिमीटर. आता शाळेतलं गणित करा. अडीच गुणिले अडीच गुणिले ३.१४, म्हणजे जवळपास वीस चौरस मीटर. दोन पायऱ्या म्हणजे अर्धा मीटर. वीस गुणिले अर्धा, दहा घनमीटर. दहा घनमीटर म्हणजे दहा हजार लिटर, बरोबर एक टँकर! बायकांचं माप अचूक होतं. मग मुलांनी टँकर ओतायच्या आधी लगेच आणि ओतल्यावर लगेच, असं दोनदा मोजायची पद्धत बसवली, म्हणजे मधे कुणी शेंदलेल्या पाण्याचा किंवा झिरप्याचा घोळ नको. बायका पायऱ्या बघायच्या, मुलं पट्टी लावायची. कॅलेंडरवरच्या रेघा आणि कागदावरच्या खेपा जुळत नव्हत्या, हे त्यातून नीट मांडता आलं.

आता सांगा, हे संशोधन कुणाचं? बायकांनी एकट्यानं हे लिटरमध्ये मांडलं नसतं. मुलांना पायऱ्यांची गोष्ट सात जन्मांत सुचली नसती. दोघांनी मिळून केलं म्हणून झालं. मी 'सहभागी संशोधन' म्हणते ते याला. माहिती देणारा एक आणि घेणारा दुसरा, एवढंच असेल तर तो नुसता सर्व्हे.

पण अहवालाचा नमुना काढला तर त्यात दोनच चौकटी. विद्यार्थ्याचं नाव, मार्गदर्शकाचं नाव. मसुदा घेऊन आम्ही गावात वाचायला गेलो तेव्हा बचत गटाच्या अध्यक्ष बाईंनी मुखपृष्ठ बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, वही आमची, मोजलं आम्ही, अन् नाव फक्त ह्या लेकरांचं?" त्या रागावल्या नव्हत्या. विचारत होत्या.

मग ठरलं की कॅलेंडर ठेवणाऱ्या तिघींची नावं मुलांच्या नावांबरोबर टाकायची. त्यातल्या एका मावशींनी मात्र मला बाजूला घेतलं. "माझं नाव नका टाकू, मॅडम. टँकरवाला आमच्याच भावकीतला हाय." आलं का लक्षात? ज्या नावाला आपण सन्मान म्हणतो, ते नाव तिथं राहणाऱ्या माणसाला महागात पडू शकतं. आपण रिपोर्ट देऊन एस.टी.नं घरी येतो. त्यांना त्याच गल्लीत राहायचंय, त्याच विहिरीवर जायचंय. म्हणून अहवालावर दोन नावं आली आणि तिसऱ्या जागी 'बचत गटातील एक सदस्य' असं आलं. ते शब्द त्या मावशींनीच सांगितले.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "ह्या बाया कोण? यांचा रोल नंबर काय?" आमच्या एका विद्यार्थिनीनं उत्तर दिलं, "सर, पायऱ्यांचं माप त्यांचं आहे. आम्ही फक्त लिटर केले." मला त्या दिवशी वाटलं, या मुलीला संशोधनाची नीतिमत्ता वेगळी शिकवायची गरज नाही.

अजून एक गोष्ट त्या वाचनात झाली आणि ती मला नावापेक्षाही मोठी वाटते. मुलांनी अहवालाला शीर्षक दिलं होतं, गावातील पाणीटंचाई. बायका म्हणाल्या, "हे बदला. टंचाई म्हणलं की देवानं पाऊस पाडला नाही असं होतं. आमचं म्हणणं ते नाहीच. पाणी मंजूर हाय, येतं कमी." शीर्षक बदललं. शीर्षक बदलल्यावर निष्कर्षाचं प्रकरण बदललं, शिफारशी बदलल्या. कारण टंचाईवर उपाय म्हणजे आणखी टँकर. कमी ओतण्यावर उपाय म्हणजे मोजणी. अर्थ कुणी लावायचा याचा हक्क बायकांना मिळाला म्हणून अभ्यास बरोबर झाला, नाहीतर आकडे खरे आणि निष्कर्ष चुकीचा असं झालं असतं.

आता जरा मोठ्या जगात जाऊ. संशोधन पत्रिकांमध्ये लेखक कुणाला म्हणायचं, याचे नियम असतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे, आय.सी.एम.जे.ई. नावाची. तिचे चार निकष आहेत. अभ्यासाच्या कल्पनेत, माहिती गोळा करण्यात किंवा अर्थ लावण्यात भरीव वाटा हवा. लिखाणात किंवा त्याच्या गंभीर दुरुस्तीत भाग हवा. अंतिम मसुद्याला मान्यता द्यायला हवी. आणि कामाची जबाबदारी घ्यायला हवी. चारही पूर्ण झाले तरच लेखक. उरलेले सगळे जातात शेवटी, आभाराच्या परिच्छेदात.

आता आमच्या गावातल्या बाईंना इंग्रजी येत नाही. म्हणजे दुसऱ्या निकषावरच त्या बाहेर, नाही का? हेच कारण पुढे करून कितीतरी जण आजवर आभारात ढकलले गेलेत. पण गंमत अशी आहे, की त्याच समितीनं पुढे स्पष्ट लिहिलंय: पहिला निकष जो पूर्ण करतो, त्याला मसुदा वाचण्याची, दुरुस्ती सुचवण्याची आणि मान्यता देण्याची संधी मिळालीच पाहिजे. संधी न देता, 'तुम्ही लिहिलं नाही म्हणून लेखक नाही' असं म्हणता येत नाही. म्हणजे नियम आडवा येतच नाही. आडवा येतो आपला आळस. मसुदा मराठीत वाचून दाखवायला एक संध्याकाळ लागते. ती संध्याकाळ काढली की शीर्षक बदलणारी बाई लेखिका होते.

दुसरी एक सोय आहे, तिचं नावच 'क्रेडिट'. संशोधनात कुणी काय केलं हे सांगण्यासाठी १४ भूमिकांची यादी. कल्पना कुणाची, पद्धत कुणी बसवली, प्रत्यक्ष तपास कुणी केला, माहिती कुणी सांभाळली, पडताळा कुणी घेतला, लिहिलं कुणी. आमच्या मुलांनी ही यादी आपल्या मराठीत केली आणि अहवालाच्या दुसऱ्या पानावर 'कुणी काय केलं' असा तक्ता टाकला. चौकट वाढवायला विद्यापीठाची परवानगी लागली नाही, एक पान वाढवलं एवढंच. रोल नंबरचा प्रश्न त्यामुळे तिथेच मिटला.

हे सगळं खेड्यातलं झालं. शहरात काय होतं? मुंबईत 'पुकार' नावाची संस्था आहे. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी ती सुरू केली. २००५ पासून पुकारनं युवा फेलोशिप चालवली. त्यात वस्त्यांमधली, चाळींमधली, कॉलेजात जाणारी आणि न जाणारीही मुलं गट करून स्वतःच्या जगण्यातला विषय निवडतात आणि त्याचा वर्षभर अभ्यास करतात. या मुलांना तिथं 'बेअरफूट रिसर्चर', आपण अनवाणी संशोधक म्हणू, असं नाव आहे. अप्पादुराईंनी २००६ मध्ये एक निबंध लिहिला, संशोधनाच्या हक्काबद्दल. त्यातला विचार थोडक्यात असा, की आपल्याला जे माहीत नाही ते पद्धतशीरपणे शोधता येणं हा फक्त तज्ज्ञांचा मक्ता नाही, तो नागरिकाचा हक्क आहे.

पुकारच्या अनवाणी संशोधकांनी केलेलं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, रे रोडच्या बाजूला कौला बंदर नावाची वस्ती आहे. जमीन तेव्हा पोर्ट ट्रस्टची होती, म्हणजे केंद्र सरकारची. वस्ती घोषित नव्हती, म्हणून पालिकेचं नळाचं पाणी नव्हतं. लोक खासगी पाणीवाल्यांकडून लांबलांब पाइपांनी पाणी विकत घेत. पुकार आणि परदेशी विद्यापीठांतले डॉक्टर-अभ्यासक यांनी मिळून तिथं पाण्याचा अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पालिकेचा दर तेव्हा हजार लिटरला सव्वादोन रुपये होता. कौला बंदरचे लोक त्याच्या ५२ ते २०६ पट पैसे मोजत होते. परत ऐका, ५२ ते २०६ पट. शहरातली सगळ्यांत गरीब माणसं सगळ्यांत महाग पाणी पीत होती.

हा आकडा बाहेरून आलेल्या माणसाला मिळणं अवघड. पाणीवाला कुठल्या दिवशी दर बदलतो, कुणाकडून ड्रमचे घेतो, कुणाकडून महिन्याचे घेतो, हे विचारायला आधी विश्वास लागतो आणि कसं विचारायचं हे माहीत असावं लागतं. या अभ्यासाच्या लेखकांच्या यादीत परदेशी विद्यापीठांतल्या डॉक्टर आणि अर्थतज्ज्ञांबरोबर पुकारच्या माणसांचीही नावं आहेत. आभारात नाहीत, लेखकांत आहेत. मुंबईतल्या एखाद्या वस्तीतल्या मुलीनं ते बघितलं, की तिला कळतं: हे आपल्यालाही करता येतं.

आता कुणी म्हणेल, झालं की मग. नावं टाकली, प्रश्न मिटला. तसं होत नाही. नाव मिळूनही भांडण कसं उरतं, यासाठी आपल्याला थेट अमेरिकेत जावं लागेल. मिशिगन राज्यातलं फ्लिंट शहर. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला म्हणून या शहराचं पाणी फ्लिंट नदीतून घ्यायला सुरुवात झाली आणि नळ गंजू नयेत म्हणून जी प्रक्रिया करायची ती केली नाही. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरायला लागलं. लोक ओरडत होते, अधिकारी म्हणत होते पाणी ठीक आहे. लीॲन वॉल्टर्स नावाच्या एका आईच्या घरच्या नळाला एका चाचणीत ३९७ पीपीबी शिसं निघालं. तिथली कारवाईची मर्यादा तेव्हा होती १५.

व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स आणि त्यांचे विद्यार्थी मदतीला आले. २०१५ च्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांनी नमुन्यांच्या ३०० पेट्या तयार करून पाठवल्या. प्रत्येक पेटीत तीन बाटल्या. नळ रात्रभर बंद ठेवून सकाळची पहिली धार एका बाटलीत, ४५ सेकंद पाणी सोडल्यावर दुसरी, दोन मिनिटांनंतर तिसरी. का? म्हणजे शिसं नळाच्या तोटीजवळून येतंय की लांबच्या पाइपातून, ते कळावं. हे काम फ्लिंटच्या लोकांनी केलं. वॉल्टर्स आणि इतर रहिवाशांनी घरोघर पेट्या पोचवल्या, समजावून सांगितलं, शहराच्या सगळ्या भागांतून नमुने येतील याची काळजी घेतली आणि बहुतेक पेट्या परत मिळवल्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहराचं पाणी पुन्हा जुन्या स्रोतावर आलं. २०१८ मध्ये वॉल्टर्स यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, पर्यावरण कार्यकर्त्यांसाठीचा जगातला अत्यंत मानाचा पुरस्कार.

दखल घेतली गेली, नाही का? पण त्याच २०१८ मध्ये फ्लिंटमधल्या काही रहिवाशांनी आणि कार्यकर्त्यांनी जाहीर पत्र काढलं. त्यांची तक्रार साधारण अशी होती, की आता आमच्याबद्दल आमच्याऐवजी प्राध्यापकच बोलतात, आणि आम्ही वेगळं काही म्हटलं तर आम्हाला अडाणी ठरवलं जातं. एडवर्ड्स यांना हे अजिबात मान्य नव्हतं, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. यात कोण बरोबर याचा निवाडा मला इथे बसून करायचा नाही. मला एवढंच दिसतं, की नमुने गोळा करताना कामाची वाटणी सगळ्यांनी मिळून ठरवली. संकट ओसरल्यावर कोण कुणाच्या वतीनं बोलणार, हे कुणीच ठरवलं नव्हतं. आणि नातं बिघडलं ते तिथे.

आता परत आपल्याकडे येऊ, कारण आपल्याकडे एक वेगळीच गोष्ट घडलीय. लोकसहभागाला कायद्यानं मान्यता मिळाल्यावर त्यातून लोकच गळाले, अशी.

माधव गाडगीळ यांचं नाव तुम्हाला पश्चिम घाटाच्या अहवालामुळे माहीत असेल. पण त्याच्या कितीतरी आधी, नव्वदच्या दशकात, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयांचे शिक्षक, विद्यार्थी, स्वयंसेवी संस्था आणि गावकरी यांना बरोबर घेऊन लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या करायला घेतल्या. वेगवेगळ्या राज्यांत पन्नासएक ठिकाणी. आपल्या परिसरात कोणती झाडं, मासे, पाखरं आहेत, काय कमी झालं, का झालं, लोकांना पुढे काय हवंय, हे लोकांच्या तोंडून नोंदवायचं. २००० मध्ये त्यावर एक शोधनिबंध आला. लेखकांच्या ओळीत गाडगीळ आणि काही सहकारी यांची नावं आहेत आणि शेवटी आहे: लोक जैवविविधता उपक्रमाचे सदस्य. सगळ्यांची नावं एका ओळीत मावत नाहीत, तर समूहालाच लेखक म्हणून बसवलं. ज्यांच्याकडे शंभर माणसांनी मिळून अभ्यास केलाय, त्यांनी ही युक्ती लक्षात ठेवा.

पुढे २००२ मध्ये जैविक विविधता कायदा आला, २००४ मध्ये नियम आले आणि स्थानिक जैवविविधता समितीनं लोकांशी सल्लामसलत करून नोंदवही करायची हे तिचं मुख्य काम ठरलं. केवढी मोठी दखल! पण वर्षानुवर्षं काम रखडलं. मग राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये मुदत घातली: ३१ जानेवारी २०२० पर्यंत पूर्ण करा, नाहीतर राज्याला महिन्याला दहा लाख रुपये. मग काय झालं असेल? जे होतं तेच. अनेक ठिकाणी बाहेरच्या संस्थांना काम देऊन नोंदवह्या भरल्या गेल्या. वह्या पूर्ण झाल्या. गावात विचाराल, तर आपल्या गावाची अशी वही आहे हेच कितीतरी जणांना माहीत नसतं.

मला भीती याचीच वाटते. आपल्या क्षेत्रीय प्रकल्पांचंही हेच होऊ शकतं. मुदत आली, श्रेयांक भरायचे आहेत, फोटो हवेत. मग सरपंचांच्या हाती गुलाबाचं फूल, मागे बॅनर, आणि 'समाजाशी नाळ जोडली' असा मथळा. शाल-श्रीफळाला माझा विरोध नाही हो. माणसाला मान दिला पाहिजे, चारचौघांत दिला पाहिजे. पण शाल देऊन वही घेऊन जाणार असाल, तर तो मान नाही, ती किंमत झाली. आणि फारच स्वस्त किंमत.

मग करायचं काय? आमच्याकडे चार गोष्टी ठरल्यात, त्या सांगते. तुम्ही तुमच्या भर घाला.

पहिली गोष्ट, नावाचं बोलणं पहिल्या भेटीत. काम संपल्यावर नाही. नाव हवंय का, कसं हवंय, गटाचं हवंय का, की अजिबात नको. आणि शेवटी पुन्हा विचारायचं, कारण निष्कर्ष बघितल्यावर माणसाचं मत बदलू शकतं. औषधी वनस्पतींच्या बाबतीत तर हे फारच जपायचं. एखादा वैदू दाखवेल झाड, पण सगळं सांगणार नाही. काय लिहायचं आणि काय गुप्त ठेवायचं, हे ठरवण्याचा हक्क त्याचा.

दुसरी, वेळेची भरपाई. विद्यार्थ्याला तासांचे श्रेयांक मिळतात. बाईची मजुरी बुडते. बैठक रोजाच्या वेळेत घ्यायची असेल तर बुडालेला रोज द्यायला हवा. ते जमत नसेल, तर बैठक त्यांच्या सोयीनं रात्री जेवणं उरकल्यावर, आणि प्रवास आपला. पैशाची गोष्ट काढायला आपल्याला संकोच वाटतो, त्यांना मजुरी बुडवताना मात्र वाटत नाही, हे बरोबर नाही.

तिसरी, मसुद्याचं वाचन. मराठीत, गावात, मोठ्यानं. आणि वाचनाच्या वेळी पेन हातात हवं. दुरुस्ती लिहून घेतली नाही तर ते वाचन नुसता कार्यक्रम ठरतं.

चौथी, निष्कर्ष परत. जाडजूड बांधणीची प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवून उपयोग नाही. एक पान. मोठ्या अक्षरात. लोकांना वापरता येईल असं. आमच्या त्या गावात एका पानावर विहिरीचं चित्र काढून दिलं: एक पायरी म्हणजे पाच हजार लिटर, दोन पायऱ्या म्हणजे भरलेला टँकर. ग्रामसभेत ते वाचलं गेलं. आता तिथं टँकरच्या लॉगबुकवर सही करायच्या आधी कुणीतरी पायऱ्या बघून येतं. त्यानं पाण्याचा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही, दुष्काळ एका कागदानं जात नाही. पण वाद घालायला आता त्यांच्या हातात माप आहे, आणि ते त्यांच्याच घरातून निघालेलं आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक सांगते. तुम्हाला वाटेल, श्रेय वाटलं की आपलं कमी होईल. उलट होतं. 'आम्ही हे सगळं केलं' असं म्हणणाऱ्या मुलाला परीक्षक दहा प्रश्न विचारतात. 'हे माप त्यांचं, हे गणित आमचं' असं म्हणणाऱ्या मुलीला आपल्या कामाची हद्द नेमकी माहीत असते. संशोधकाला आणखी काय यायला हवं?

आणि गावात, वस्तीत राहणाऱ्या, हे ऐकणाऱ्या मंडळींना सांगते. पुढच्या वेळी कॉलेजची पोरं प्रश्नावली घेऊन दारात आली, तर त्यांना पाणी द्या, बसवा आणि तुम्हीही प्रश्न विचारा. हा अभ्यास कशासाठी? आम्हाला वाचून कधी दाखवणार? आमचं नाव कुठं येणार? पोरं गोंधळली तर गोंधळू द्या. त्यांच्या शिक्षणाचा तो भागच आहे.

तुमच्या भागात असा मिळून केलेला अभ्यास झाला असेल, मग तो ओढ्याचा असो, रेशनचा असो की एस.टी.च्या वेळांचा, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या एखाद्या भागात विद्यार्थी आणि गावकरी या दोघांनाही बोलवू. दोघांनाही बरं का, एकट्या प्राध्यापकांना नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या. नमस्कार.